ईटिंग डिसऑर्डर नेमका कुठला आहे ते कसं ओळखायचं

कोणी जेवत नसेल तर लगेच अ‍ॅनोरेक्सिया आणि कोणी खूप खात असेल तर बुलिमिया, असं लोक सर्रास बोलून टाकतात आणि मला ते फार खटकतं, कारण नाव चुकलं की उपचारही भलतीकडे जातात. पक्कं निदान मानसोपचारतज्ज्ञच करणार, पण फरक कसा करतात ते आपल्याला कळलेलं बरं. त्यातही सुरुवात वजनकाट्यापासून करू नका.

आधी बघायचं की खाणं बिघडलंय ते कशामुळे. वजन वाढेल ही भीती, आपण कसे दिसतो याचा सतत विचार, असं काही त्यामागे आहे का? नसेल तर आर्फिड, म्हणजे खाणं टाळण्याचा किंवा फारच मोजकं खाण्याचा आजार, असू शकतो. यात एखाद्या पदार्थाचा वास किंवा स्पर्शच सहन होत नाही, किंवा घशात अडकेल, उलटी होईल अशी भीती बसलेली असते, किंवा मुळात खाण्यात रसच नसतो. वजन मात्र अ‍ॅनोरेक्सियाइतकंच घसरू शकतं, म्हणून नुसतं वजन बघणारा इथे हमखास फसतो. माती, खडू, कागद असलं अन्न नसलेलं काही महिनाभर तरी खाल्लं जात असेल तर तो पायका (तान्ही बाळं सगळंच तोंडात घालतात, ते यात धरत नाहीत). आणि गिळलेलं परत तोंडात येतं, मग ते पुन्हा चावून गिळलं किंवा थुंकलं जातं, पोटाचा आजार नसतानाही, तर ते रुमिनेशन.

वजनाची भीती आहे असं दिसलं तर मग वजन बघा. वय, उंची, लिंग लक्षात घेता ते बरंच कमी आहे, तरी वाढण्याची धास्ती आहे किंवा वाढू नये म्हणून सतत धडपड चालू आहे, आणि स्वतःचं शरीर जसं आहे तसं दिसत नाही किंवा आजार किती गंभीर आहे ते पटतच नाही, तर अ‍ॅनोरेक्सिया. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मोठ्या माणसांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 18.5 च्या खाली अशी रेघ दिलीय, पण काही लोक मुळातच सडपातळ असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. पूर्वी पाळी बंद होणं ही पण अट होती, 2013 च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक) ती काढली आणि ते बरंच झालं, कारण पुरुषांना ती लागूच होत नव्हती आणि पाळी चालू असलेल्या आजारी मुलींचं निदानच होत नव्हतं.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: उलट्या काढते म्हणजे बुलिमियाच, असं नाही. अ‍ॅनोरेक्सियाचे दोन प्रकार आहेत, एकात फक्त खाणं तोडलेलं असतं आणि दुसऱ्यात बिंज (ताबा सुटून खाणं) किंवा उलट्या, जुलाबाची औषधं हेही असतं. अ‍ॅनोरेक्सियाच्या अटी पूर्ण होत असतील तर त्याच वेळी बुलिमियाचं निदान देत नाहीत.

आता बिंज. जरा जास्त जेवलो म्हणजे बिंज नव्हे. साधारण दोनेक तासांत इतरांपेक्षा उघडच खूप जास्त खाणं आणि त्या वेळी थांबताच न येणं, डीएसएमला हे दोन्ही लागतं. आयसीडी-११ मात्र ताबा सुटण्याला जास्त महत्त्व देतं, प्रमाण फार मोठं नसलं तरी चालतं. मग विचारायचं, त्यानंतर काय होतं? भरपाई म्हणून उलट्या, उपास, अति व्यायाम होत असेल आणि स्वतःची किंमत वजन आणि शरीरावरच ठरत असेल तर बुलिमिया, अशी नेहमीची भरपाई नसेल पण खाल्ल्याचा मनस्ताप खूप असेल तर बिंज ईटिंग डिसऑर्डर. डीएसएम-५ प्रमाणे दोन्हीला आठवड्यातून सरासरी एकदा, तीन महिने, एवढं लागतं. वजनावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

कशातच नीट न बसणारेही खूप असतात, त्यांच्यासाठी ‘इतर’ असा गट आहे आणि तो सौम्य अजिबात नाही. वजन खूप घटलंय पण अजून नॉर्मलमध्येच आहे, बाकी सगळं अ‍ॅनोरेक्सियाचं, अशी माणसं याच गटात येतात आणि त्यांची तब्येतही तितकीच ढासळू शकते.

निदान काळानुसार बदलतंही, म्हणून डॉक्टरांना गेल्या तीन महिन्यांत काय काय झालं ते आधी सांगा, उलट्या किंवा जुलाबाच्या औषधांबद्दल तर लपवूच नका, त्याने रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि चक्कर येऊन पडणं, छातीत धडधडणं असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तसंच हॉस्पिटल गाठा.