क्रोशाचा पहिला चौकोन : कड सरळ कशी ठेवावी

क्रोशा शिकू लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बाहुली विणायला लावण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. आधी वीस खांबांचा (खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका, अमेरिकन नाव ‘डबल क्रोशे’) साधा चौकोन सरळ कडांनी विणता यायला हवा. मध्यम जाडीचा, फिक्या रंगाचा सुती दोरा आणि ४ मिमीची क्रोशाची सुई घ्यावी; नागपुरात बर्डीवर किंवा इतवारीच्या बाजारात दोन्ही मिळतात. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि नागपूरच्या मे महिन्यात घामेजल्या बोटांतून लोकर सरकत नाही.

सरकगाठ (ओढली की आवळणारी गाठ) मारून २२ साखळ्या, म्हणजे फासातून दोरा ओढून केलेले साधे टाके, घालाव्यात. त्या घट्ट येत असतील तर ‘हात सैल सोडा’ या उपदेशाचा उपयोग नसतो. तेवढ्या साखळ्यांपुरती ५ मिमीची सुई वापरावी. पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घालावा. सोडलेल्या तीन साखळ्या हाच एक खांब धरायचा असल्याने ओळ बरोबर वीस खांबांची होते.

खरी अडचण दुसऱ्या ओळीत येते, आणि मलाही सर्वांत जास्त छळले ते याच टप्प्याने. काम उलटवून तीन साखळ्या घातल्या की पहिला खांब झाला. त्यामुळे त्यांच्या बुडाशी असलेला टाका सोडून पुढच्या टाक्यात सुई घालावी. ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतील त्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत जातो. काम उलटवल्यावर तिची पाठ आपल्याकडे येते आणि ती किंचित कलून बसते, म्हणून नवशिक्याला ती टाका वाटतच नाही. ती सुटली की दर ओळीला एक खांब घटतो आणि चौकोन वर निमुळता होत जातो.

‘टाके मोजा म्हणजे झाले’ हा सल्लाही अपुराच आहे, कारण सुरुवातीला बुडाच्या टाक्यात एक खांब वाढला आणि शेवटी एक सुटला, तर मोजणी वीसच भरते, मात्र दोन्ही कडा दातेरी होतात. म्हणून तीन साखळ्या घातल्याबरोबर तिसरीत सेफ्टी पिन अडकवावी आणि परतीच्या ओळीचा शेवटचा खांब त्या पिनेच्याच जागी, साखळीचे दोन्ही धागे सुईवर घेऊन, घालावा. पिन वापरण्यात कमीपणा मानू नये.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी नमुना ब्रिटिश आहे की अमेरिकन हे आधी पाहावे, कारण ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’.

लांबी-रुंदी सारखी झाली की १५ सेंमी दोरा ठेवून कापावा, शेवटच्या फासातून ओढून घ्यावा आणि बोथट सुईने टाक्यांत लपवावा.