‘जॉन स्मिथ’च्या शोधात: स्पेनला गेलेल्या ब्रिटिश कामगारांवर अभ्यास करायचा असेल तर

मी नागपूरचा. इंग्लंडमध्ये इतिहासात एम.ए. करायला गेलो तेव्हा विषय घरूनच घेऊन गेलो होतो: गोपाळ मुकुंद हुद्दार. संघाच्या सुरुवातीच्या दिवसांतले डॉ. हेडगेवारांचे हे सहकारी पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून पोचले थेट स्पेनच्या यादवी युद्धात, सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या फौजांविरुद्ध लढायला. पहिले दोन आठवडे मी ब्रिटनमधून स्पेनला लढायला गेलेल्या स्वयंसेवकांच्या याद्यांत ‘हुद्दार’ शोधत बसलो. एक डी गाळून पाहिला, यूच्या जागी डबल ओ घालून पाहिला. नाव काही सापडेना. ते ‘जॉन स्मिथ’ या नावाने भरती झाले होते, हे मला फार उशिरा कळलं.

पण त्या याद्या चाळताना नावांपुढचे धंदे वाचत गेलो. खाणकामगार, गोदी कामगार, रंगारी, बेकार. त्यांनीच मला धरून ठेवलं आणि प्रबंध शेवटी त्यांच्यावर झाला. हुद्दार ज्या ब्रिटिश बटालियनमध्ये होते तिला अधिकृत नाव दिलं होतं मुंबईत जन्मलेल्या आणि ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेल्या कम्युनिस्ट शापूरजी सकलातवालांचं. ते नाव तोंडी रुळलं नाही, तरी आपल्याकडून या विषयाकडे वळणाऱ्याला ते ओळखीच्या दारासारखं वाटतं.

नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: अभ्यासाची सुरुवात स्पेनपासून करू नका. जुलै १९३६ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हा माणूस आपल्या गावात आधीच काय करत होता, ते बघा. जॅक जोन्स घ्या. लिव्हरपूलच्या गोदीतला कामगार, युनियनचा कार्यकर्ता, शहराच्या कौन्सिलवर निवडून आलेला. १९३८ च्या उन्हाळ्यात एब्रोच्या लढाईत जखमी झाला आणि पुढे ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनचा सरचिटणीस झाला. ओल्डहॅमचा क्लेम बेकेट लोहारकामाची उमेदवारी केलेला, मग मोटारसायकल शर्यतींत नावाजलेला. तिथेही त्याने स्वारांची युनियन बांधायला घेतली. १२ फेब्रुवारी १९३७ ला माद्रिदजवळच्या हारामाच्या लढाईत तो मारला गेला. अशा माणसांना फॅसिझम वर्तमानपत्रातून कळला नव्हता. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वाल्ड मोस्ले याचे काळे डगलेवाले त्यांच्याच मोहल्ल्यांतून मोर्चे काढत होते, आणि ४ ऑक्टोबर १९३६ ला लंडनच्या केबल स्ट्रीटवर लोकांनी त्यांची वाट अडवली होती. ‘काम नव्हतं म्हणून गेले’ असं जेव्हा कोणी लिहितं तेव्हा मला मनापासून राग येतो. बेकार होते, नक्की होते. पण हातातलं काम सोडून गेलेलेही खूप होते, आणि बेकारांनीही आधी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते.

जाण्याचा मार्ग समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, पण तो घालवाच. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने १८७० च्या कायद्याचा हवाला देत स्पेनसाठी भरती होणं हा गुन्हा ठरेल असं जाहीर केलं. मग ही मंडळी लंडनहून पॅरिसचं शनिवार-रविवारचं परतीचं तिकीट काढत, कारण त्यावर पासपोर्ट लागत नसे. पॅरिसहून दक्षिणेला, आणि तिथून रात्री, दोरीच्या तळव्याचे कापडी बूट घालून फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरचा पिरेनीज डोंगर चढायचा. आयुष्यात परदेश न पाहिलेला गडी खिशात परतीचं तिकीट ठेवून अंधारात डोंगर चढतोय. हे चित्र डोळ्यांपुढे असलं की बाकी कागद वाचता येतात.

आकड्यांच्या बाबतीत माझी चूक तुम्ही करू नका. ब्रिटिश गुप्तचर खात्याने ठेवलेली यादी २०११ मध्ये लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केली. तिच्यात चार हजारांच्या आसपास नावं आहेत. मी तोच आकडा पहिल्या मसुद्यात ठोकून दिला. गाइडने पेन्सिलीने गोल करून विचारलं, “निघालेले की पोचलेले?” खात्याने संशयितही टिपले होते, अर्ध्या वाटेवरून परतलेलेही. ब्रिटन आणि आयर्लंडमधून प्रत्यक्ष लढायला गेलेले सुमारे २,५०० मानले जातात. त्यांतले पाचशेहून जास्त तिथेच मारले गेले.

मॉस्कोतले कॉमिन्टर्नचे, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, कागद आता बरेचसे ऑनलाइन बघता येतात. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, इंग्रजी सगळं एकात एक मिसळलेलं. त्यात पक्षाच्या लोकांनी एकेका स्वयंसेवकावर दोन-चार ओळींत मारलेले शेरे आहेत: चांगला, कच्चा, बेशिस्त. ते शेरे त्या माणसाबद्दल जितकं सांगतात, तितकंच लिहिणाऱ्याबद्दलही. उतारा म्हणून देण्याआधी तोच माणूस दुसरीकडे बोललाय का ते शोधा. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमकडे अनेकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत, आणि क्लार्कनवेलच्या मार्क्स मेमोरियल लायब्ररीत व सॅलफर्डच्या वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररीत पत्रं, फोटो. जाण्याआधी वेळ मागून घ्या.

मुलाखती ऐकताना घाई नको. ग्लासगोचे उच्चार मला पहिल्या दिवशी दहातले चार शब्द कळले. तेच तेच परत लावून ऐकलं. हारामाच्या पहिल्या दिवशी मशीनगनच्या पट्ट्यांत भलत्याच गोळ्या भरलेल्या निघाल्या. पट्टे रिकामे करून हाताने पुन्हा भरावे लागले, आणि तोवर उतारावरची माणसं पडत होती. सुमारे सहाशे जण लढाईत उतरले, तिसऱ्या दिवशी उभे राहू शकणारे सव्वादोनशेही नव्हते. पुस्तकात हे दोन वाक्यांत संपतं. म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात मध्येच थांबणं ऐकू येतं, टेप नुसतीच फिरत राहते. ते थांबणंही वहीत लिहून ठेवा. मी किती सेकंद, तेसुद्धा लिहायचो.

हुद्दारांवरचं काम माझ्याकडून राहूनच गेलंय. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ ते पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या तुरुंगात राहिले, इथवर धागा लागतो. त्यापुढे याद्यांत स्मिथच स्मिथ आहेत. नागपूरकडचं कोणी हे हाती घेणार असेल तर माझ्या तीन वह्या द्यायला मी तयार आहे.