पियानो शिकवणाऱ्या मावशीचं आयुष्य कागदावर कसं उतरवायचं

आमची मावशी ९१ वर्षं जगली. त्यातली जवळजवळ ६० वर्षं तिने पियानो शिकवला, आणि २४ वर्षं काकांच्या मागे बिऱ्हाड घेऊन छावण्या फिरली. गेली तेव्हा पेपरला द्यायचा मजकूर मी लिहायला बसलो तर चार ओळींत तीन ओळी काकांच्याच झाल्या, लेफ्टनंट कर्नल, आर्टिलरी, अमुक युनिट, आणि शेवटी "यांच्या पत्नी". मला ते फार लागलं. म्हणून वर्षभराने तिच्या आठवणीची एक छोटी पुस्तिका केली, फोटो धरून ३६ पानं. तुमच्या घरी अशी कोणी असेल, पियानोच्या जागी हार्मोनियम किंवा शिवणाचा क्लास असला तरी, तर हे कसं केलं ते सांगतो. चुका माझ्या फुकट वापरा.

आधी तारखांचा सांगाडा लागतो आणि फौजी घरात तो आयता मिळतो. आम्ही काकांचे कागद शोधत बसलो आणि खरा खजिना निघाला माळ्यावरची काळी ट्रंक. ज्यांच्या घरी फौजी आहे त्यांना माहितीये, प्रत्येक बदलीला ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, रँक आणि स्टेशन रंगवतात, आणि पुढच्या बदलीला जुन्यावर काळा रंग मारून नवीन. वरून फक्त शेवटचं दिसतं, "देवळाली". पण खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च ट्रंकेला जवळजवळ टेकवून तिरका धरा, खालच्या अक्षरांचे उंचवटे सावलीत उठून दिसतात. आम्हाला मेजरच्या खाली कॅप्टन वाचता आलं, आणि जालंधर, आणि त्याच्याही खाली एक नाव जे अर्धंच लागलं. ट्रंक पुसू नका, घासू नका, आधी फोटो काढा. माझ्या भावाने उत्साहात ओलं फडकं मारलं आणि एक कोपरा गेला.

दुसरं म्हणजे पत्रं. फील्डमधल्या, म्हणजे जिथे घरच्यांना नेता येत नाही अशा पोस्टिंगच्या, पत्रांवर गावाचं नाव नसतं, ५६ एपीओ (फौजी पोस्ट ऑफिसचा नंबर) एवढंच, त्यामुळे काका कुठे होते ते कळत नाही आणि मी सुरुवातीला ती बाजूलाच ठेवली होती. मोठी चूक. कारण पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते, आणि काकांचं पत्र आलंय याचा अर्थ काका घरी नाहीत, मावशी पोरांना घेऊन एकटी आहे. त्या सगळ्या तारखा मी एका वहीत ओळीने लिहिल्या आणि समोर तिच्या शिकवण्यांच्या आठवणी मांडल्या तर चित्रच बदललं, जिथे पत्रं जास्त तिथे शिकवण्या जास्त. काका फील्डला गेले की ही कुठल्यातरी शाळेच्या नाहीतर ऑफिसर मेसच्या पियानोवर पोरं जमवायची. स्वतःचा पियानो तेव्हा नव्हताच, अपराइट पियानो म्हणजे २०० किलोच्या पुढचं धूड, दर अडीच-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घरात तो कोण फिरवणार? पत्रातला खाजगी मजकूर मात्र छापू नका, वाचून परत घडी घाला. मावशीने त्या घड्या ज्या दोऱ्याने बांधल्या होत्या तो दोराही मी ठेवलाय, उगाच.

आता माणसांना विचारायचं. यात एक गोम आहे. एकाच बाईला दहा नावं असतात. आम्हाला ती मावशी, नाशिकच्या शरणपूरला माहेरी ताई, कॅम्पातल्या पोरांना आंटी, शाळेतल्यांना मिस. जुन्या विद्यार्थ्याला फोन करून "मावशींबद्दल सांगा" म्हटलं की तो औपचारिक होतो, फार प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या, संपलं. "मिसच्या क्लासला कुठल्या दाराने जायचात?" असं विचारा. मग चपला कुठे काढायच्या, कुत्रा कुठे बांधलेला असायचा, आधीच्या मुलाचा क्लास संपेपर्यंत व्हरांड्यात बसून काय खायचो, सगळं निघतं. फोन रेकॉर्डिंगला टेबलावर ठेवायचा, खाली नॅपकिन, नाहीतर कपबशीचा आवाज बॉम्बसारखा येतो. आणि शक्य असेल तर पियानोजवळ बसवून बोला. साठीच्या एका बाईंना काहीच आठवत नव्हतं, पट्ट्यांवर हात ठेवला आणि मनगट खाली गेलं तशा स्वतःच दचकल्या, म्हणाल्या इथे मिस खालून पेन्सिल टोचायच्या.

वर्षं कोणालाच धड आठवत नाहीत, त्यासाठी भांडू नका, खुणा विचारा. मावसबहिणीला एवढंच आठवत होतं की जालंधरला खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि आई अंधारात नुसत्या बोटांनी वाजवायची, पण ६५ की ७१ ते नाही. मी विचारलं, अंगात स्वेटर होता? म्हणाली हो, आणि पायात मोजे पण, गोधडीतून उठायची इच्छा नव्हती. झालं. ६५ चं युद्ध सप्टेंबरात थांबलं आणि ७१ चं ३ ते १६ डिसेंबर. पंजाबात सप्टेंबरात कोण मोजे घालतं? नाशिकच्या लोकांना सिंहस्थ चालतो खुणेला, ९१, २००३, २०१५, "साधूंच्या गर्दीमुळे त्या महिन्यात क्लास बंद होता" असं कोणी म्हटलं की वर्ष हातात. शिवाय ज्यांनी ट्रिनिटीच्या (लंडनचं संगीत कॉलेज) ग्रेड परीक्षा दिल्यात त्यांच्याकडे सर्टिफिकेट असतं, त्यावर तारीख.

सगळ्यात जास्त वेळ द्या तिच्या पुस्तकांना. मावशीच्या सरावाच्या पुस्तकांत प्रत्येक सुरावर पेन्सिलने १ ते ५ आकडे आहेत, अंगठा १, करंगळी ५, आणि एकाच ओळीवर तीन-तीन वेळा खोडलेले. मला आधी वाटलं तिला नक्की ठरवता येत नव्हतं. मग एका विद्यार्थ्याने सांगितलं की हात लहान असलेल्या पोरासाठी ती बोटं बदलून द्यायची आणि शेजारी त्याचं अद्याक्षर लिहायची. म्हणजे ती अख्खी हजेरी होती! आम्ही पुस्तिकेत तिच्या लग्नाच्या फोटोला अर्धं पान दिलं आणि या पानाला पूर्ण. काही नातेवाईक नाराज झाले, चालायचंच. फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करा, बारीक असतील तर ६००. काळ्या पानांच्या अल्बममधून चिकटलेले फोटो उपटू नका, पानासकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. कॅसेट असतील तर आधी वरचे दोन प्लास्टिकचे कान तोडा म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही.

लिहिताना काकांच्या बदल्यांप्रमाणे धडे पाडू नका. मी पहिला मसुदा तसाच केला होता आणि ते सर्व्हिस रेकॉर्ड झालं. मग सुरुवात शरणपूरच्या चर्चमधल्या पायपेटीपासून केली, जिथे तिचे पाय पुरत नव्हते म्हणून भाऊ खाली बसून हाताने भाता दाबायचा. वाईटही थोडं येऊ द्या. मावशी फी उशिरा देणाऱ्या पालकांना चारचौघांत विचारायची, ते लिहिलंय.

पुस्तिकेच्या कार्यक्रमात पियानो वाजवायचा असेल तर ट्यूनरला महिनाभर आधी सांगा, तो मुंबईहून येतो, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. मावशी खालच्या कप्प्यात २५ वॅटचा बल्ब लावून ठेवायची. आम्ही विसरलो, त्यामुळे त्या दिवशी मधला एक सूर दाबला की खालीच बसायचा.

आणि पुस्तिकेची शेवटची चार पानं कोरी सोडा. आमच्याकडे चहाच्या वेळी एक गृहस्थ आले, म्हणाले पियानो देवळालीला ८१ ला आला असं छापलंय ते साफ चूक, तो माझ्या वडिलांच्या टेम्पोतून आला आणि टेम्पो आम्ही ८० लाच विकला. त्यांच्या हातात पेन दिलं.