कडुनिंबाच्या पाल्यावर प्रोजेक्ट करणार असाल तर

पाला ओरबाडण्याआधी फुलोऱ्यासकट एक डहाळी दाबून ठेवा. बाकी सगळं नंतर. मागच्या वर्षी मी ती ठेवली नाही. तीन महिने अर्क काढले आणि तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, हा कडुनिंबच कशावरून? माझ्याकडे नुसती हिरवी भुकटी. झाडाकडे धावत गेले, तर तिथे बुंधासुद्धा नव्हता.

सोलापुरात बकाण हे कडुनिंबासारखंच झाडही दिसतं. त्याचं पान दोनदा विभागलेलं, फूल जांभळट. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, फूल पांढरं. चुरा झाल्यावर यातलं काही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून डहाळी. पाडव्याच्या सुमारास फुलोरा असतो, तेव्हाच जा. रद्दीत दाबा, कागद रोज बदला. तारीख, जागा, क्रमांक लिहा. वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवा, नाहीतर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात न्या. ओळख पटल्याशिवाय मिक्सर लावू नका.

पाला हमरस्त्याकडेचा नको, फार धूळ असते. धुवा. वाळवायचा घरात, पंख्याखाली, पातळ पसरून. कुरडया वाळतात त्या गच्चीवर अजिबात नाही. आपल्या उन्हात क्वेर्सेटिनसारखी फिनॉलिक द्रव्यं, म्हणजे पानातली ॲन्टिऑक्सिडंट, खराब होतात. ओलसर ढीग ठेवलात तर पानातली विकरंच ती खातात. पुडीवर डहाळीचा क्रमांक घातला ना?

आधी पेट्रोलियम इथर, त्यात मेण आणि थोडं हरितद्रव्य निघतं. मग ८० टक्के मेथॅनॉल, भुकटीच्या दहापट. मेथॅनॉल उडवायला रोटरी इव्हॅपोरेटर, ४० अंशांवर. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा कंडेन्सरसाठी बादलीत बर्फ आणि कूलरची मोटार तयार ठेवा.

अर्काची ॲन्टिऑक्सिडंट ताकद मोजायला डीपीपीएच हे जांभळं रसायन, १०० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये ४ मिलिग्रॅम, त्याच दिवशी केलेलं, फॉइल गुंडाळून. अर्धा तास अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग. जांभळा रंग पिवळा पडणं ही खूण. अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला डीपीपीएचविना एक नळी हवीच. तुलनेला ॲस्कॉर्बिक आम्ल.

पुढे अर्क पाण्यात घेऊन इथाइल ॲसिटेटबरोबर हलवा, त्यात क्वेर्सेटिन येतं. रुटिन, म्हणजे साखर जोडलेलं क्वेर्सेटिन, जास्त करून मागे पाण्यात राहतं. मग घटक वेगळे करायला सिलिका कॉलम, प्रत्येक नळीची टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी), सारखे ठिपके आलेल्या नळ्या एकत्र.

आणि शेवटच्या कुपीवरही तोच क्रमांक. डहाळीचा.