ओहायो स्टेटला शिकायला येताय? शनिवारचं फुटबॉल समजून घेऊन या

कोलंबसला नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: घर कुठल्या भागात बघू, मसाले किती आणू, असिस्टंटशिप मिळेल का. फुटबॉलबद्दल, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलबद्दल, सहसा कुणी विचारत नाही. मग सप्टेंबर लागतो. एका शनिवारी रस्ते बंद असतात, बस भलतीकडून जाते, नेहमी पार्किंग मिळायचं तिथे सकाळपासून शेगड्या पेटलेल्या असतात आणि लॅबमधला अबोल सहकारी लाल जर्सी घालून अनोळखी माणसांना मिठ्या मारत असतो. त्या दिवसाचं या गावाला एवढं का वाटतं, ते आधीच सांगून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

मी २००५ साली संख्याशास्त्राच्या मास्टर्ससाठी आले आणि नोकरीमुळे इथेच राहिले. त्यामुळे जुना खेळ मला अगदी शेवटी शेवटी का होईना, बघायला मिळाला आणि त्याचं नवं रूप डोळ्यांसमोर घडलं. तुम्ही थेट या नव्या रूपात येणार आहात. आजूबाजूचे लोक मात्र अजून जुन्याच हिशेबाने हसतात, रडतात. हा फरक कळला की निम्म्या गप्पा कळतात.

खेळ चटकन सांगते. मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. एवढ्यावर पहिला सामना नीट बघता येतो, बाकीचं शेजारी बसलेला माणूस आनंदाने समजावतो.

या खेळाचं मूळ कॉलेजांत आहे. पहिला आंतरकॉलेज सामना १८६९ साली न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. एनएफएल ही व्यावसायिक लीग १९२० ची, म्हणजे पन्नास वर्षं धाकटी. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं. पुढच्याच वर्षी नियम बदलून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या आजच्या एनसीएए या संस्थेचीही सुरुवात झाली. आपलं ओहायो स्टेडियम १९२२ चं. घोड्याच्या नालेसारखा आकार, आता लाखाहून अधिक माणसं बसतात. खेळणारे मात्र विद्यार्थीच. हा विरोधाभास या खेळात पहिल्यापासून आहे आणि आजची सगळी भांडणं त्यातूनच निघाली आहेत.

जुन्या व्यवस्थेत राष्ट्रीय अजिंक्यपद मैदानावर ठरतच नसे. १९३६ पासून एपी वृत्तसंस्थेसाठी पत्रकार मतं देत, पुढे प्रशिक्षकांचंही वेगळं मतदान आलं. दोघांचं जुळलं नाही तर एका वर्षी दोन विजेते! १९९७ साली मिशिगन आणि नेब्रास्का या दोन्ही विद्यापीठांनी ते पद मिरवलं. बाहेरून आलेल्याला हे विचित्रच वाटणार, मलाही वाटलं होतं. पण त्यामुळे एक मोठी गोष्ट घडायची. राष्ट्रीय पदाची खात्री नसल्याने माणसं शेजाऱ्यांना हरवण्यासाठी जगायची. आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आसपासच्या राज्यांतल्या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद मिळवायचं, कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनला हरवायचं आणि १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला जाऊन रोझ बोलमध्ये पश्चिम किनाऱ्याच्या विजेत्याशी खेळायचं. झाला हंगाम सार्थकी. आणि एक सामना हरलात तर बहुतेक वेळा सगळंच हातचं गेलं.

नोव्हेंबर २००६ मध्ये ओहायो स्टेट पहिल्या आणि मिशिगन दुसऱ्या क्रमांकावर, दोघेही अपराजित, आणि सामना इथे कोलंबसला. आदल्या दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेम्बेकलर वारले होते. ओहायो स्टेट ४२-३९ जिंकलं. त्या दिवशी रस्त्यावर मी जे बघितलं, तेवढा जीव एका शनिवारी पुन्हा कधी एकवटलेला मला दिसला नाही. तोवर पहिल्या दोन संघांची अंतिम लढत लावणारी बीसीएस पद्धत आली होती, आणि त्या लढतीत फ्लोरिडाने आपल्याला ४१-१४ असं लोळवलं. तरी गावातली माणसं आजही २००६ म्हटलं की मिशिगनचाच सामना सांगतात.

आता २०२४ बघा. ३० नोव्हेंबरला ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरलं, तेही सलग चौथ्या वर्षी. जुन्या हिशेबाने तिथेच सुतक. पण बाद फेरी त्याच वर्षी चार संघांवरून बारावर गेली होती, त्यामुळे संघाला पुढे जागा मिळाली. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत इथे टेनेसीला ४२-१७ असं हरवलं आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ ने हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. गाव आनंदात होतंच. पण माझे एक वयस्कर शेजारी, स्टेडियममध्ये वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर बसणारे, मला म्हणाले, “करंडक मिळाला, पण मिशिगनचं वर्ष गेलं ते गेलंच.” हे ऐकून तुम्ही चक्रावाल. त्यांना समजवायला जाऊ नका, त्यांचं दुःख खरं आहे.

त्याच वाटचालीतला रोझ बोल आठवा: तो आता उपांत्यपूर्व फेरीचा सामना होता, आणि त्यात ओहायो स्टेटसमोर होतं ओरेगॉन. ओरेगॉन पश्चिम किनाऱ्याचंच, पण त्या वर्षी तेही आपल्याच बिग टेन या कॉन्फरन्समध्ये आलेलं! नावात दहा असलेल्या बिग टेनमध्ये आता अठरा विद्यापीठं आहेत. १८९६ साली मध्य-पश्चिमेतल्या शेजाऱ्यांनी सुरू केलेला हा गट न्यू जर्सीच्या रटगर्सपासून लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलएपर्यंत पसरला आहे. पश्चिमेचा पॅक-१२ हा गट इतका रिकामा झाला की २०२४ च्या हंगामात त्यात ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढे दोनच संघ उरले. ओक्लाहोमा एसईसी या दक्षिणेतल्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर त्याच राज्यातल्या ओक्लाहोमा स्टेटशी होणारी शंभराहून अधिक वर्षांची लढत थांबली. मला या सगळ्या बदलांत खरं नुकसान हेच वाटतं. शेजारी हरवले.

याला कारण टीव्ही. पूर्वी कोणते सामने दाखवायचे ते एनसीएए ठरवत असे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठं, कॉन्फरन्स आपापले हक्क विकू लागले. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी केलेला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरहून मोठा असल्याच्या बातम्या होत्या. सामना दुपारी बाराला का, रात्री का नाही, अशी कुरकुर ऐकाल तेव्हा उत्तर या करारांत असतं.

पैशाबद्दल मात्र जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. २०१० च्या अखेरीस ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंवर बंदी आली, कारण त्यांनी मिळालेल्या अंगठ्या, जर्सी अशा स्वतःच्याच वस्तू विकून पैसे आणि टॅटू घेतले होते. त्या प्रकरणात प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना जावं लागलं, २०१० चे विजय नोंदींतून पुसले गेले आणि २०१२ चा संघ बाराच्या बारा सामने जिंकूनही हंगामाअखेरच्या बोल सामन्याला मुकला. स्टेडियम भरून वाहत होतं आणि मुलांनी स्वतःची जर्सी विकणं गुन्हा होता! १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावता येतं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि आता विद्यापीठ स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. हे फार आधी व्हायला हवं होतं.

विद्यापीठ बदलण्याची मोकळीकही तशीच. आधी बदली घेतली की एक वर्ष बाहेर बसावं लागे. आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे बदली हवी असलेल्यांच्या ऑनलाइन यादीत, नाव टाकायचं आणि पुढच्या हंगामात नव्या जर्सीत खेळायचं. २०२४ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून एका हंगामापुरता आला होता. चार वर्षं एका मुलाला घडताना बघायचं सुख कमी झालं, हे जुन्या लोकांचं म्हणणं बरोबर आहे. पण प्रशिक्षक जास्त पगारासाठी कधीही गाव सोडू शकत होते, तेव्हा मुलांनाच का बांधून ठेवायचं?

आता तुमच्या उपयोगाचं. विद्यापीठाचे ईमेल उन्हाळ्यापासूनच वाचत राहा, विद्यार्थ्यांच्या तिकिटांची विक्री तिथेच कळते. सगळे सामने परवडणार नसतील तर सप्टेंबरचा एखादा दुबळ्या संघाविरुद्धचा सामना घ्या. तिकीट स्वस्त आणि गर्दी तेवढीच. सामन्याआधी सेंट जॉन अरीनामध्ये बँडचं स्कल सेशन, म्हणजे जाहीर तालीम, असतं, ते चुकवू नका. पुण्यात ढोल-ताशा पथकात असलेल्यांना तिथे घरी आल्यासारखं वाटेल. हा बँड मैदानावर चालत ‘ओहायो’ हे अक्षर-अक्षर जोडून लिहितो आणि शेवटी सूझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एक जण ‘आय’वरचा टिंब होऊन उभा राहतो. १९३६ पासूनची ही प्रथा पैशाने, टीव्हीने, कशानेच बदललेली नाही.

मिशिगनच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या दिसतील. निळे-पिवळे कपडे त्या आठवड्यात घालू नका. सम वर्षी सामना इथे असतो, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला शनिवार. सहलीची तिकिटं काढण्याआधी ती तारीख बघा. मिरर लेकमध्ये उड्या मारायच्या गोष्टी सीनियर सांगतील. २०१५ मध्ये एका विद्यार्थ्याचा त्यात जीव गेला आणि ती प्रथा बंद झाली. कुणी आग्रह केला तरी जाऊ नका.

एफ-१ व्हिसावर असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: खेळाडूंना मिळालेली कमाईची मुभा परदेशी विद्यार्थ्यांना तशीच्या तशी लागू होत नाही. टेनिस, स्क्वॉश किंवा कुठल्याही खेळात कुणी जाहिरातीचे पैसे देऊ केले तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, मगच सही करा.

आणि संख्याशास्त्र किंवा डेटाचं शिकणाऱ्यांसाठी इथे खरं काम तयार झालं आहे. दर वर्षी निम्मा संघ बदलू शकतो म्हटल्यावर कोणाला किती पैसे द्यायचे, पोर्टलमधून कोण घ्यायचा, हा हिशेब कुणीतरी मांडायलाच हवा. विद्यापीठं एनएफएलसारखे जनरल मॅनेजर नेमू लागली आहेत. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये आपला जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला त्या जागी आणलं. कॅम्पसवरच्या विद्यार्थी नोकऱ्यांच्या यादीत अॅथलेटिक्स विभागाच्या जागा शोधा. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा पाळून त्या करता येतात. अर्जासोबत खुल्या आकडेवारीवर केलेलं स्वतःचं एखादं विश्लेषण जोडा. चौथ्या प्रयत्नाला किक मारावी की पुढे जावं, हा प्रश्न सुरुवातीला उत्तम. मुलाखतीत त्यावर तासभर बोलता येतं, आणि समोरच्याला त्याचं मत असतंच.