इस्लामी राज्याच्या कल्पनेवर वाचायचंय? आधी बघा शेवटचा शब्द कोणाचा

बरेच जण हा विषय घेतला की थेट सातव्या शतकातल्या, पैगंबरांच्या मदिनेत जातात आणि तिथेच अडकतात. माझं ऐका, 1924 पासून सुरू करा. त्या वर्षी 3 मार्चला तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत, म्हणजे खलिफाचं पद, रद्द केली, मग आता मुसलमानांचं राज्य म्हणजे नेमकं काय हा प्रश्न पेटला आणि आजचे बरेचसे वाद तिथूनच पुढे आलेत. पुढच्याच वर्षी इजिप्तचे अली अब्दुर राजिक, जे स्वतः शरिया कोर्टात काझी होते, त्यांनी लिहिलं की खिलाफत ही धर्माची अट नाहीच. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाने त्यांना उलेमांमधून, म्हणजे धर्मपंडितांमधून, काढून टाकलं.

मग जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौदूदी घ्या, जन्म 1903, आपल्या औरंगाबादचा. त्यांचं म्हणणं सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं. इथे पान उलटायच्या आधी पेन्सिलीने बाजूला लिहा : ठीक आहे, पण रोजचा कायदा करणार कोण आणि भांडण झालं तर निकाल कोण देणार? प्रत्येक विचारवंताला हेच विचारत जा, गोलगोल भाषेखालचं खरं राज्य दिसायला लागतं.

इराणची 1979 ची घटना (1989 च्या दुरुस्तीसह) तर समोर उघडूनच बसा. क्रांतीचे नेते खोमेनी यांचा सिद्धांत, फकीहचं म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकाराचं राज्य; सर्वोच्च नेता तोच. निवडणुका आहेत, मजलिस म्हणजे संसद आहे, पण तिने पास केलेला कायदा गार्डियन कौन्सिलकडे जातो, तिथे 12 जण, त्यातले 6 फकीह थेट सर्वोच्च नेता नेमतो, उरलेले 6 कायदेतज्ज्ञ मजलिस निवडते पण नावं सुचवतो न्यायव्यवस्थेचा प्रमुख, आणि त्यालाही नेमतो नेताच. वर कायदा इस्लामला धरून आहे की नाही यावर मत फक्त त्या 6 फकीहांचं! अल्लाहचं सार्वभौमत्व प्रत्यक्षात कोणाच्या हातात येतं ते इथे कळतं. आणि हे सगळ्या शियांचंही मत नाही हं, इराकमधल्या नजफचे मोठे शिया धर्मगुरू खोई यांना ते मान्य नव्हतं.

त्यानंतर ट्युनिशिया : 2014 च्या घटनेत नागरी राज्य होतं (ती घटना 2022 मध्ये बदलली), आणि 2016 मध्ये एन्नहदा या इस्लामवादी पक्षाने राजकारण आणि धर्मप्रचार वेगळे केले. शेवटी देवबंदच्या मदरशाचे हुसेन अहमद मदनी नक्की वाचा, मौदूदींच्याच काळात ते हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र म्हणत होते, आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.