विंडोज अपडेट बिघडले तर दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

अपडेट डाउनलोड होते, इन्स्टॉल होते, रीस्टार्ट करताच बदल मागे घेत असल्याचा संदेश येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण थेट एसएफसी, म्हणजे सिस्टिम फाइल्स तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवतात. काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत असे ती सांगते आणि लगेच फॉरमॅटचा विषय निघतो. खरे तर फॉरमॅटची वेळ फार क्वचित येते. बहुधा क्रम चुकलेला असतो.

विंडोज आपल्या सिस्टिम फाइल्सच्या मूळ प्रती विनएसएक्सएस या फोल्डरमध्ये ठेवते. हे कंपोनंट स्टोअर. नवे अपडेट बसताना आधी इथे येते, आणि एसएफसीला एखादी फाइल खराब आढळली की बदली प्रतही ती इथूनच घेते. स्टोअरमधली प्रतच खराब असेल तर एसएफसी कितीदाही चालवा, उपयोग नाही. म्हणून आधी स्टोअर दुरुस्त करायचे आणि मगच फाइल्स. जागा वाचवण्यासाठी हा फोल्डर हाताने कधीही पुसू नका.

सुरुवातीला सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीतून एरर कोड उतरवून घ्या. ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. तिथे दुरुस्ती नको, जागा मोकळी करा. ०एक्स८००७३७१२ म्हणजे कंपोनंट स्टोअर बिघडले आहे. ०एक्स८००एफ०८१एफ म्हणजे दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइल्स सापडत नाहीत. विंडोज १० वर अपडेट येणेच थांबले असेल तर बिघाड शोधू नका: त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पुढची सुरक्षा अपडेट्स हवी असतील तर वेगळी नोंदणी लागते.

महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर तिची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. मग कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. खालच्या कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आहेत. प्रत्येक / या तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोडा, नंतर सोडू नका. बऱ्याचदा कमांड चालत नाही ती यामुळेच.

पहिली कमांड डिस्कसाठी:

चेकडिस्क सी: /स्कॅन (इंग्रजीत: chkdsk C: /scan)

ही विंडोज चालू असतानाच तपासणी करते. दोष सापडले तर /स्कॅनऐवजी /स्पॉटफिक्स देऊन रीस्टार्ट करा. डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर तिच्यावर केलेली सगळी दुरुस्ती काही दिवसांत पुन्हा बिघडते, म्हणून ही पायरी गाळू नका.

दुसरी पायरी अर्धवट डाउनलोडची. सर्व्हिसेसच्या (पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांच्या) खिडकीत 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' थांबवा. डाउनलोड झालेली अपडेट्स विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन या फोल्डरमध्ये साठतात, त्याचे नाव बदला, शेवटी 'ओल्ड' जोडले तरी पुरे, आणि सर्व्हिसेस परत चालू करा. विंडोज हा फोल्डर नव्याने तयार करते. हिस्टरीची यादी रिकामी दिसू शकते. बसलेली अपडेट्स मात्र जागेवर असतात. नाव बदलू देत नसेल तर एखादी सर्व्हिस मध्येच पुन्हा सुरू झाली आहे, ती थांबवा. हे डिझमच्या, म्हणजे स्टोअर दुरुस्त करणाऱ्या पुढच्या कमांडच्या, आधी करायचे, कारण डिझम मूळ फाइल्स विंडोज अपडेटमधूनच मागवते.

आता स्टोअर:

डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ (इंग्रजीत: DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth)

इथे धीर लागतो. टक्क्यांचा आकडा ६२.३ वर बराच वेळ थांबलेला अनेकांना दिसतो. काम आतून चालू असते, खिडकी बंद करू नका. हीच कमांड /चेकहेल्थ देऊन चालवली तर फक्त आधीच नोंदलेला बिघाड सांगते, म्हणून ती दोन सेकंदांत संपली याचा अर्थ सगळे ठीक आहे असा नाही. खरी तपासणी /स्कॅनहेल्थ करते.

मूळ फाइल्स न सापडल्याची एरर आली तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत) उतरवा आणि डबल क्लिक करून माउंट करा, म्हणजे ती ड्राइव्हसारखी उघडते. तिच्यातल्या सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल नावाची फाइल विम किंवा ईएसडी प्रकारची असते. रिस्टोअरहेल्थच्या कमांडपुढे /सोर्स: देऊन फाइलचा प्रकार, तिचा पत्ता आणि आवृत्तीचा क्रमांक लिहा, शेवटी /लिमिटअ‍ॅक्सेस जोडा. होम आणि प्रोचे क्रमांक वेगळे असतात. ते /गेट-विमइन्फोने पाहून घ्या. आयएसओ जुन्या बिल्डची (विंडोजच्या जुन्या उपआवृत्तीची) असेल तर तीच एरर पुन्हा येते.

डिझम यशस्वी झाल्यावर रीस्टार्ट करा आणि मग:

एसएफसी /स्कॅननाउ (इंग्रजीत: sfc /scannow)

काही फाइल्स दुरुस्त झाल्या नाहीत असे म्हटले तर आणखी एकदा चालवा. तरीही तेच आले तर विंडोज फोल्डरच्या लॉग्जमधल्या सीबीएस फोल्डरातली नोंद उघडून 'एसआर' खूण असलेल्या ओळी पाहा. कोणती फाइल अडली ते तिथे नावानिशी मिळते.

एकच अपडेट अडत असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर त्याचा केबी क्रमांक (अपडेटच्या नावातला ओळख क्रमांक) शोधा आणि एमएसयू ही अपडेट बसवणारी फाइल उतरवून चालवा. आपला प्रोसेसर एक्स६४ प्रकारचा की आर्म६४ हे नीट पाहा. रजिस्ट्री साफ करण्याचे दावे करणाऱ्या 'वन क्लिक' टूल्सच्या वाटेला जाऊ नका. कंपोनंट स्टोअर त्यांच्याने दुरुस्त होत नाही.

एवढ्यावरही भागले नाही तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी इथे विंडोज अपडेटद्वारे दुरुस्तीचा पर्याय पाहा. तो विंडोज पुन्हा बसवतो, पण फाइल्स, अ‍ॅप्स आणि सेटिंग्ज राखतो. हा पर्याय नसेल तर माउंट केलेल्या आयएसओमधली सेटअप फाइल चालू विंडोजमधूनच चालवा. पेनड्राइव्हवरून बूट केले तर अ‍ॅप्स राखण्याचा पर्याय मिळत नाही. भाषा आणि आवृत्ती जुळायला हवी, आणि आयएसओचे बिल्ड बसलेल्या विंडोजपेक्षा जुने नको. सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळे ठेवा.

संगणक सुरूच होत नसेल तर विंडोज उघडत असताना पॉवर बटण दाबून धरून तो बंद करा. असे दोन-तीन वेळा केले की रिकव्हरीचा पडदा येतो. 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून आधी ताजे क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येणारे) काढा. ते जमले नाही तर तिथल्या कमांड प्रॉम्प्टवर:

डिझम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स

अर्धवट लटकलेली अपडेट्स यामुळे मागे घेतली जातात. मात्र रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. आपला सी तिथे डी झालेला असतो, म्हणून डीर (dir) कमांडने विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघूनच अक्षर लिहा.